एकवीस गुंजा

८ जानेवारी २०२५, बुधवार

महादेवीने, माझ्या पत्नीने, एरंडेलाची बाटली फेकलेली नाही. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात कापडात गुंडाळून ठेवली आहे. "राहू द्या तिथंच. सव्वीस तारखेला जळकोटला न्यायची हाय," एवढेच म्हणाली.

ती आंघोळीला गेल्यावर मी बाटली काढली. साठ मिलिलीटरची बाटली. आत एक्कावन्न शिल्लक. म्हणजे दिवाळीपासून एकंदर नऊ मिलिलीटर संपले, आणि त्यातले निम्मे तरी बेंबीला आणि टाळूला चोळण्यात गेले असणार. एवढ्या एरंडेलाने चौदा महिन्यांचे मूल दगावते काय, हा प्रश्न या घरात कोणी विचारलेला नाही. उत्तर मात्र सर्वांनी ठरवून टाकले आहे.

भुवनेश्वरी, माझी नात, १९ डिसेंबरला गेली. आधी उलट्या, मग जुलाब, मग जुलाबात रक्त, तिसऱ्या दिवशी लघवी बंद. सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारले, काय खाल्ले होते. महादेवी म्हणाली, "हिनं एरंडेल पाजलं. सास्तूरचं, घरी काढलेलं." डॉक्टर म्हणाले, विषबाधा असू शकते, नक्की सांगता येणार नाही. शवविच्छेदन आम्हीच नको म्हटले. कागदावर सही माझी आहे.

'हिनं' म्हणजे शिवप्रिया, माझी सून. २८ डिसेंबरला माझा मुलगा अमरनाथ तिला सास्तूरला, तिच्या आईकडे सोडून आला. सव्वीस तारखेला माझे मेहुणे शिवलिंगप्पा यांच्या घरी, जळकोटला, दोन्हीकडची माणसे बसणार आहेत. फारकतीचे ठरवायला.

मी एकतीस वर्षे वजनमापे निरीक्षक आहे. काटा तपासल्याशिवाय कोणाला खोटे म्हटल्याचे मला आठवत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

पाळणा माळ्यावर टाकला. दोर कापला नाही. गाठी सोडवल्या. वेळ लागला.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी साजिद सरांकडे गेलो. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. नळदुर्गात आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांच्या आई फातिमाबी ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहून नुसते म्हणाल्या, "या बाबा," आणि डोळ्यांना ओढणी लावली. त्या माउलीने भुवीला दोनदा आंघोळ घातली होती.

मी बाटली पुढे ठेवली. म्हटले, यात विष आहे की नाही, एवढे सांगा.

सर हसले नाहीत. बाटली उजेडात धरून म्हणाले, "साहेब, एरंडाच्या बीत विष आहे, लई जहरी आहे. पण तेलात न्हाय. ते प्रथिन आहे, ते पाण्यात उतरतं, तेलात उतरत न्हाय. मागं जो चोथा राहतो, त्यात राहतं. आणि तुमच्या विहीणबाई तेल काढतात कशा? बी भाजतात, कुटतात, पाण्यात उकळतात, वर आलेलं तेल काढून घेतात. बरोबर? उकळल्यावर त्या विषाचा दमच मोडतो. ह्या तेलानं जुलाब होतील. रक्त न्हाय."

"लिहून द्याल?"

"देतो की. पण लिहिलेलं वाचणार कोण, निरीक्षक साहेब?"

मग मी विचारले, झाडाने बीत असले विष ठेवावेच का. त्यांचा जुना वर्ग भरल्यासारखा चेहरा झाला. "झाडाला पाय न्हाईत. खाणारा आला तर त्यानं पळावं कुठं? सगळी अमानत त्या एका बीत ठेवलेली. म्हणून राखण. ह्या विषाचे दोन भाग असतात. एक भाग पेशीचं दार उघडतो. दुसरा आत जाऊन प्रथिनं घडवणारी यंत्रं बंद पाडतो, एका मिनिटाला हजारावर. यंत्राची मोडतोड करत न्हाय हं. एक बारीकसा तुकडा काढून घेतो, बस्स. यंत्र जागच्या जागी, पण मुकं."

फातिमाबी बाहेरून म्हणाल्या, "साजिद, पुरे कर. माणूस मातीहून आलंय, त्याला काय शिकवतोस?"

मी म्हटले, नको, शिकवू द्या. निघताना सरांनी त्यांच्या टिपणांची फाईल दिली.

१२ जानेवारी, रविवार

सरांचे पत्र महादेवीला वाचून दाखवले. दोनदा. तिने ते शांतपणे ऐकून घेतले, निवडत असलेले तांदळाचे ताट बाजूला ठेवले.

"तेलानं न्हाय झालं. बरं. मग कशानं झालं?"

मी म्हटले, ते माहीत नाही.

"तुमास्नी बाजारातला खोटा काटा लांबनं कळतो. माझं लेकरू चार दिसांत गेलं, ते कशानं गेलं ते न्हाय कळत? नाव सांगा. कशाचं तरी नाव सांगा, मग म्या तिला माघारी आणते. माझ्या पायानं जाऊन आणते."

तिचे म्हणणे चुकीचे नाही. एक कारण खोडले तर दुसरे द्यावे लागते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या जगदेवीबाई तिळगूळ घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तशाच परत गेल्या.

१६ जानेवारी, गुरुवार

कार्यालयातून लवकर आलो. सरांची टिपणे आज वाचून झाली, बत्तीस पाने. नियमावली वाचतो तशी कलमाखाली रेघ मारत वाचली. वाणिज्य शाखेच्या माणसाला जेवढे समजायचे तेवढे समजले.

हे एक विष नव्हे, एक कूळ आहे. फुले येणाऱ्या झाडांत ते दूरवर पांगलेले आहे, पण सर्वत्र नाही. काही झाडांत मुळीच सापडत नाही. पूर्वी असावे आणि गळून गेले असावे, असा तर्क आहे. काम सर्वांचे एकच, यंत्रातून तो एक तुकडा काढणे. ठेवण मात्र प्रत्येकाची निराळी. कारल्याच्या बीत ते आहे, परंतु एकटे आहे. दार उघडणारा जोडीदार नाही, म्हणून पेशीत सहजी शिरत नाही. सातूत आहे. मक्याच्या दाण्यात तर कुलूप लावून ठेवलेले असते. मधला एक तुकडा कापला जाईपर्यंत ते काहीच करत नाही. आपण आयुष्यभर या कुळाच्या शेजारी बसून जेवलो आणि आपल्याला पत्ता नव्हता.

कधीतरी, फार पूर्वी, कुठल्याशा पूर्वज झाडात दोन गोष्टी जोडल्या गेल्या. एक हे काम करणारे प्रथिन, आणि दुसरे साखरेला चिकटणारे. पेशीच्या अंगावर साखर असतेच. त्या जोडणीनंतर विषाला दार सापडले. हे कोणी ठरवून केलेले नव्हते. कोट्यवधी वर्षांत कुठल्याही झाडाने कुठल्याही मुलाचे वाईट चिंतलेले नाही.

हे लिहून मला किंचित बरे वाटले होते. मग पान सत्तावीस आले. दार सापडलेल्यांची यादी. वर एरंड. त्याच्या खाली, त्याचे जवळचे नातलग म्हणून, त्याहूनही जहाल —

गुंज.

"कवच अत्यंत कठीण. बी अखंड गिळली गेल्यास बहुधा तशीच बाहेर पडते. कवचाला छिद्र असल्यास किंवा बी चावली गेल्यास —"

पुढचे वाचले. इथे उतरवीत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

जे घडले ते क्रमाने लिहितो. क्रम चुकता कामा नये.

महादेवीला भुवीच्या मनगटात नजरेचा दोरा हवा होता. बाजारात काचेच्या मण्यांचा मिळत होता. मी हातात घेऊन पाहिला. मणी लहानमोठे होते. माझे वडील सराफाकडे तोलणारे होते. सोने गुंजांवर तोलले जाई, तो त्यांचा काळ. त्यांची पितळी डबी आणि त्यातली जुनी गुंज मी जपून ठेवली आहे. मनात आले, नातीला विकतचा दोरा कशाला. आजोबाचा असावा.

नोव्हेंबरच्या अखेरीस किल्ल्याच्या मागे, नदीकडच्या कुंपणावरच्या वेलीवरून शेंगा आणल्या. तीनशेवर बिया निघाल्या. एकेक बी काट्यावर ठेवली. एकशे वीस ते एकशे तेवीस मिलिग्रॅमच्या दरम्यानच्या तेवढ्या घेतल्या. एकवीस. तांबड्या अंगाच्या, काळ्या डोळ्याच्या, सगळ्या एकमेकींसारख्या.

सुई चालेना. कवचावरून सटकत होती. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून बारीक हातड्रिल आणले. प्रत्येक बीच्या मधोमध भोक पाडले. एकही फुटली नाही. त्याचा मला अभिमान वाटला होता, हेही लिहिले पाहिजे.

दोरा नायलॉनचा, काळा. त्याला पाच किलोचे प्रमाणित वजन टांगून पाहिले.

५ डिसेंबरला दोरा बांधला. शिवप्रिया म्हणाली होती, "मामा, दाढा येतायत तिला, हाताला लागंल ते तोंडात घालते. दोरा तुटला तर?"

मी म्हणालो, "तुटणार नाही. पाच किलोचा ताण देऊन पाहिला आहे."

ती हसली. "मग झालं. सरकारी शिक्काच हाय की."

१६ तारखेला उलट्या सुरू झाल्या.

मी दोरा तपासला. बी तपासली नाही.

१८ जानेवारी, शनिवार

पुन्हा सरांकडे. मी उभ्या उभ्याच विचारले, भोक पाडलेली गुंज मुलाने चावली तर. त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ काच पुसत राहिले.

"कुणी पाडलं भोक?"

मी सांगितले.

"दोरा कुठंय?"

"दवाखान्यात सलाईनसाठी नर्सने मनगटावरून कापून काढला. नंतर मी पाहिला नाही."

"मग साहेब, नक्की कसं म्हणता? मणी मोजलेत का? एकवीसचे एकवीस असले तर हा निव्वळ तुमचा वहम. दुसरं काही असंल. पोरांना दुखणं शंभर वाटांनी येतं." माझा हात धरून बसवले. "पुराव्याबिगर स्वतःला फाशी देऊ नका. दुसऱ्याला दिली असती का?"

फातिमाबींनी चहा पाठवला. मी तो तसाच ठेवून आलो. याआधी कधी असे केलेले नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज महिना झाला.

दोरा शोधला. दवाखान्याच्या पिशव्या, औषधांची टोपली, भुवीच्या झबल्यांची घडी, अमरनाथच्या गाडीची डिकी. महादेवी दारात उभी राहून पाहत होती. "काय हरवलंय?" मी म्हटले, एक पावती. तेहतीस वर्षांच्या संसारात हे मी तिच्याशी बोललेले पहिले खोटे असावे. निदान मला आठवणारे पहिले.

दोरा नाही. म्हणजे पुरावा नाही. पुरावा नसेल तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. मी स्वतः कित्येकांना दिला आहे. सव्वीस तारखेला मी गप्प बसलो तरी कोणी मला विचारणार नाही. एरंडेलाची बाटली समोर असेल. शिवप्रिया खाली मान घालून बसेल.

हे मी विचार केला म्हणून लिहिले आहे. विचार केला, हेही नोंदीत राहावे.

२१ जानेवारी, मंगळवार

अमरनाथचा सोलापूरहून फोन. मी त्याला सरांचे पत्र वाचून दाखवले. म्हणाला, "अप्पा, तेलात विष नसंलही. पण तिच्या तोंडाकडं बघितलं की मला बाटलीच दिसते. असं किती दिवस राहायचं?"

मला म्हणायचे होते, माझ्या तोंडाकडे बघ. म्हणालो नाही. फोनवर सांगण्याची गोष्ट नव्हती. का धैर्य नव्हते? दोन्ही.

२४ जानेवारी, शुक्रवार

भोक पाडताना उडालेला पांढरा भुगा अजून काट्याखाली, मेजाच्या फटीत आहे. आज दिसला. ओल्या फडक्याने पुसला, फडके जमिनीत पुरले. हात तीनदा धुतले.

२६ जानेवारी, रविवार

जळकोटहून आत्ताच आलो. दिवस मावळायला आहे. जसे घडले तसे लिहितो.

शिवलिंगप्पांच्या सोप्यात सतरंजी टाकलेली. महादेवीने बाटली मधोमध ठेवली. शिवप्रिया आईच्या मागे, भिंतीला टेकून. महिन्याभरात तिची हाडे वर आली आहेत. शिवलिंगप्पांनी सुरुवात केली, तेलाचे बोलू लागले, तोच विहीणबाई सिद्धम्मा गुडघ्यावर पुढे सरकल्या, बाटली उचलली, बूच काढले आणि तोंडाला लावली. कोणी उठायच्या आत निम्मी रिकामी.

"घ्या. उद्या म्या मेले तर माझी लेक खोटी. जिती राहिले तर इथंच येऊन बसंन. मग बोला."

शिवलिंगप्पा म्हणाले, "अहो व्याहीणबाई, मरायचं न्हाय वो. पर आज एसटीत बसू नका म्हंजे झालं." एकदोघे हसले. सिद्धम्माही पदराआड हसल्या, आणि तिथेच रडू लागल्या.

मी उभा राहिलो. मी बोलायच्या आधीच मागून शिवप्रियाचा आवाज आला, "मामा, नका बोलू." मला वाटले, ती भांडणाला घाबरली असावी.

मी सर्व सांगितले. शेंगा, काटा, ड्रिल, एकवीस, पाच किलो, पान सत्तावीस. तारखांसह. शेवटी म्हणालो, तेल निर्दोष आहे. या घरात दोष असेल तर तो माझ्या हाताचा आहे.



मग शिवलिंगप्पा म्हणाले, "दाजी, आजवर तुमी कुणाच्या काट्यात अर्धा ग्राम माफ केला न्हाय. माझ्या दुकानाचा काटा बी जप्त केला होता, ध्यानात हाय माझ्या. आन् आज सुनंला सोडवाय ही गोष्ट रचली व्हय? दोरा कुठं हाय?"

"सापडला नाही."

"मग?"

 एकतीस वर्षे मीच लोकांना हे विचारत आलो. मग?

अमरनाथ म्हणाला, "अप्पा, बसा." महादेवी कोणाकडेही न पाहता म्हणाली, "ह्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. ह्यांच्या हातनं आजवर वाकडी रेघ ओढली गेली न्हाय. पोरीची दया आली म्हणून सोत्यावर घेत्यात. देवमाणूस हाय." जन्मात पहिल्यांदा तिने चारचौघांत माझी स्तुती केली. ती ऐकवेना.

मी शिवप्रियाकडे पाहिले. ती दचकलेली नव्हती. उठून पाण्याचा तांब्या आणला, माझ्या हातात दिला. एवढेच.

निर्णय पुढच्या रविवारवर गेला.

२७ जानेवारी, सोमवार

सास्तूरला फोन केला. सिद्धम्मा ठीक आहेत. सात वेळा जाऊन आल्या. रक्त नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

महादेवीला सकाळी कालची नोंद सांगितली. तिने पदर खोचला. मग म्हणाली, "तेल न्हाय, हे म्या मानलं. पर तुमचं न्हाय मानत." थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता, "मानलं तर म्या तुमच्या ताटात कसं वाढू?"

३० जानेवारी, गुरुवार

दुपारी शिवप्रिया आली. एकटी, सास्तूरहून एसटीने. महादेवी पिठाच्या गिरणीत गेली होती. मी ओसरीवर होतो. तिने रुमालाची गाठ सोडून माझ्यासमोर ठेवली. काळा नायलॉनचा दोरा, एका बाजूने कात्रीने कापलेला.

"भुवीला रुद्रभूमीत ठेवून आलो, त्या दिवशी मोजले मामा. वीस हायत."

मी म्हणालो, "मग तू बोलली का नाहीस? आम्ही तुला घराबाहेर काढले."

"म्या आई हाय तिची, म्या कशीबी जगले असते. तुमी जगला नसता." मग पदराने ओसरीची कडा पुसत, "तुमी सोता बोलला, म्हणून आणला. न्हाय तर न्हाय आणला असता कधीच."

महादेवी आली. डोक्यावरचा डबा तसाच धरून उंबऱ्यात उभी राहिली. मी दोरा तिच्या ओंजळीत ठेवला. ती मोजू लागली.

मी मोजले नाहीत.